फ्री सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं? आधी 'फ्री डाउनलोड' हे शब्द टाईप करणं सोडा

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की मुलीसाठी सेकंडहँड लॅपटॉप घेतलाय, विंडोज ११ आहे, त्यात व्हिडिओ बघायला, झिप उघडायला, पीडीएफ वाचायला, मराठी टाईप करायला आणि ऑफिसच्या ऐवजी काहीतरी फुकटातलं पाहिजे, पण गुगलवर टाकलं की एकेका पानावर चार-चार हिरवी डाउनलोड बटणं येतात आणि खरं कुठलं ते कळत नाही. शिवाय भाऊ म्हणतोय क्रॅक, म्हणजे पैशाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मोडून फुकट चालवायची युक्ती, टाकून देतो, प्रिंटर चालत नाहीये, आणि तुमचा मोबाईल सारखा फुल होतो तर क्लीनर कुठला घालायचा. कराडात १८ वर्षं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान चालवतोय, आणि आठवड्याला तीन-चार मशीन तरी नेमक्या याच कारणाने टेबलावर येतात, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, तुमच्या यादीतलं निम्मं सामान लॅपटॉपमध्ये आधीच आहे. पीडीएफ एज ब्राउझरमध्येच उघडते, त्यात पेनाने खुणाही करता येतात. झिप विंडोज स्वतःच उघडतं, आणि २०२३ च्या शेवटापासून विंडोज ११ ला झिपसारख्याच रार आणि सेव्हन झेड फाइल पण उघडता येतात, फक्त पासवर्ड घातलेली असेल तर हात वर करतं. स्क्रीन रेकॉर्डिंग स्निपिंग टूलमध्ये आलंय. अँटीव्हायरस म्हणून डिफेंडर आहे, घरच्या वापराला तो पुरतो, त्याच्यावर दुसरा फुकटचा अँटीव्हायरस बसवलात तर मशीन जड होईल आणि रोज संध्याकाळी 'पैसे भरा' अशी खिडकी उघडेल ती वेगळीच. मी नवीन गिऱ्हाइकाला हे सांगितलं की त्याचा चेहरा पडतो, कारण दुकानात येताना त्याला वाटत असतं की 'सगळी सॉफ्टवेअरं टाकून' मिळणार आहेत. ती 'सगळी सॉफ्टवेअरं' ही सवय आपल्याला २००५-०६ च्या सीडीच्या जमान्यात लागली आणि अजून सुटलेली नाही.

आता जे खरंच लागतं त्याचं बघू. घोडं पेंड कुठे खातं तर सर्चमध्ये. माणसं टाईप करतात 'व्हिडिओ प्लेअर फ्री डाउनलोड फुल व्हर्जन'. हे शब्द टाकले की तुमच्यासमोर अशीच माणसं येतात ज्यांचा धंदा या शब्दांवर चालतो. ज्याने सॉफ्टवेअर बनवलंय तो असले शब्द आपल्या पानावर लिहीत बसत नाही, तो आपल्या सॉफ्टवेअरचं नाव लिहितो. म्हणून आधी नाव माहीत करून घ्यायचं, मग ते बनवणारा कोण ते बघायचं, आणि त्याच्याच साइटवरून उचलायचं. बास, एवढंच तंत्र आहे, बाकी सगळं त्याचे बारकावे.

व्हीएलसीचंच घ्या, नारिंगी शंकूवालं. ते बनवते व्हिडिओलॅन नावाची फ्रान्समधली ना-नफा संस्था, १९९६ साली पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलेलं काम आहे ते. त्यामुळे त्याची साइट व्हिडिओलॅन डॉट ओआरजी. व्हीएलसीच्या नावावर 'फ्री', 'गेट', 'प्लस', '२०२५' असलं काहीतरी जोडलेल्या साइट दिसल्या की तिथे पायसुद्धा ठेवायचा नाही. गंमत म्हणजे २०२२ मध्ये ही खरी साइट आपल्याकडे भारतात कित्येक महिने ब्लॉक होती, कारण कुणाला धड कळलं नाही, शेवटी कायदेशीर नोटीस गेली आणि नोव्हेंबरमध्ये ती परत उघडली. पण त्या मधल्या काळात लोकांनी व्हीएलसी सोडलं थोडंच, मिळेल तिथून घेतलं, आणि त्या वर्षात माझ्या टेबलावर व्हीएलसीचे असले असले अवतार आले की शंकू तोच पण सोबत तीन टूलबार (ब्राउझरला चिकटणाऱ्या नको असलेल्या पट्ट्या), एक 'पीसी स्पीड' आणि होमपेज बदललेलं.

सर्चचं पान कसं वाचायचं ते एकदा नीट सांगतो. वरच्या ओळीवर बारीक अक्षरात 'प्रायोजित' किंवा 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असतं, ते दिसलं की त्या निकालाकडे बघायचंच नाही, कितीही अधिकृत वाटलं तरी. हे मी भीती घालायला सांगत नाहीये. २०२२ मध्ये फोटो एडिटिंगचं गिंप आहे ना, त्याच्या नावाने गुगलवर जाहिरात होती, जाहिरातीत पत्ता खराच छापलेला आणि क्लिक केलं की जायचं भलत्याच साइटवर. २०२३ मध्ये तर कडी झाली. किपास नावाचं पासवर्ड सांभाळायचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या नकली साइटच्या पत्त्यात पहिलं अक्षर इंग्रजी 'के' नव्हतंच, लॅटव्हियन भाषेतलं 'के' सारखं दिसणारं अक्षर होतं ज्याच्या पायाशी स्वल्पविरामाएवढं शेपूट असतं. स्क्रीनवर माशी बसली असं वाटावं एवढंसं. मी स्वतः चष्मा लावून ते स्क्रीनशॉट बघितलेत आणि प्रामाणिकपणे सांगतो, कामाच्या घाईत मीही फसलो असतो. म्हणून पत्ता ओळखण्याच्या हुशारीवर विसंबू नका, जाहिरातच टाळा. विकिपीडियावर त्या सॉफ्टवेअरचं पान उघडलंत तर उजवीकडच्या चौकटीत साइटची लिंक असते, मी पुष्कळदा तिथूनच जातो.

तुम्ही विचाराल की मग त्या मोठमोठ्या डाउनलोड साइट्सचं काय, ज्यांवर सगळंच एका जागी मिळतं? त्यांचा इतिहास काही फार सोवळा नाही. २०११ मध्ये डाउनलोड डॉट कॉमने नेटवर्क तपासायच्या एनमॅपला स्वतःचा इन्स्टॉलर गुंडाळून टूलबारसकट वाटायला सुरुवात केली, एनमॅप बनवणाऱ्याने जाहीर बोंब मारली तेव्हा जगाला कळलं. सोर्सफोर्ज, जिथे एकेकाळी सगळा ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला ठेवणाऱ्यांचा, संसार नांदत होता, त्यांनी २०१३ मध्ये इन्स्टॉलरमध्ये जोडसामान घालायची स्कीम काढली, गिंपवाले वैतागून तिथून उठून गेले, २०१५ मध्ये परत मोठं भांडण झालं, आणि २०१६ मध्ये मालक बदलले तेव्हा नव्या मालकांनी ती स्कीम बंद केली. म्हणजे सॉफ्टवेअर दुसऱ्याने रात्री जागून बनवायचं आणि आयत्या बिळावर हे नागोबा. यात पैसा कसा फिरतो तर टूलबारवाली कंपनी प्रत्येक इन्स्टॉलमागे काहीतरी रक्कम देते, त्यामुळे त्या पानावर सगळ्यात मोठं आणि सगळ्यात हिरवं बटण कुठल्या फाइलचं असणार ते तुमचं तुम्हीच ओळखा. अशा पानावर सापडलातच तर बटणावर माउस नुसता न्यायचा, क्लिक नाही करायचं, खाली डाव्या कोपऱ्यात ते कुठे नेणार तो पत्ता दिसतो. तो अनोळखी असेल तर टॅब बंद.

फाइल उतरली की लगेच डबल क्लिक नको. तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात डिजिटल सिग्नेचर्स नावाचा टॅब असतो, म्हणजे फाइल बनवणाऱ्याची सही. व्हीएलसीच्या फाइलवर तिथे व्हिडिओलॅनचं नाव दिसायला पाहिजे. भलत्याच कंपनीचं नाव असेल तर फाइल डिलीट. टॅबच नसेल तर? तर थांबायचं, पण घाबरायचं नाही, कारण सेव्हन झिपसारखं उत्तम सॉफ्टवेअर, इगॉर पावलॉव्ह नावाचा रशियन प्रोग्रामर १९९९ पासून चालवतोय, तो आपल्या इन्स्टॉलरवर सहीच करत नाही आणि विंडोज 'अननोन पब्लिशर' म्हणून पिवळी पट्टी दाखवतं. अशा वेळी फाइल कुठून घेतली यावरच सगळं. सेव्हन झिपच्या खऱ्या पत्त्यात मध्ये आडवी रेघ आहे आणि शेवटी ओआरजी आहे, एवढं ध्यानात ठेवा. शंका उरलीच तर व्हायरसटोटल नावाची साइट आहे, गुगलचीच, तिथे फाइल टाकली की सत्तरेक अँटीव्हायरस एकदम तपासून सांगतात. दोन-तीन अनोळखी नावांनी लाल दाखवलं तर ते पुष्कळदा उगाचच असतं, पण वीस-पंचवीस जण बोंबलायला लागले तर विषय संपला. फक्त तिथे आधार कार्ड, पगाराची स्लिप असलं काही टाकू नका, तिथे टाकलेली फाइल तिथल्या पैसे भरणाऱ्या मेंबरांना बघता येते.

इन्स्टॉल करताना 'रेकमेंडेड' आणि 'कस्टम' असे दोन गोळे आले तर कस्टम. आपल्याकडे नेक्स्ट नेक्स्ट नेक्स्ट फिनिश हा मंत्र झालाय, दूध संस्थेतला एक क्लार्क माझ्याकडे मशीन घेऊन आला होता, त्याला विचारलं काय काय टाकलंस तर म्हणतो मी काही टाकलंच नाही, नुसतं नेक्स्ट केलं. अकरा प्रोग्रॅम निघाले एका नेक्स्टमध्ये.

आता यातलं काहीच करायचं नसेल तर सोपा रस्ता आहे. निनाइट नावाची साइट, घरच्या वापराला फुकट, तिथे व्हीएलसी, सेव्हन झिप, लिबरऑफिस, फायरफॉक्स अशा नावांपुढे टिक करायची आणि एकच छोटी फाइल उतरते, ती बाकीचं सगळं ज्याच्या-त्याच्या घरून आणते आणि टूलबार वगैरेला आपणहून नाही म्हणते. दुकानात फॉरमॅट मारल्यावर मी वर्षानुवर्षं हेच करतोय, गिऱ्हाइकाला वाटतं मी काहीतरी फार मोठं केलं. दुसरा रस्ता विंडोज ११ मध्येच आहे, विंगेट म्हणून. टर्मिनल उघडायचं आणि टाईप करायचं विंगेट, स्पेस, अपग्रेड, स्पेस, दोन डॅश आणि त्याला चिकटून ऑल, अर्थात इंग्रजीत. मशीनमधली बरीचशी सॉफ्टवेअरं एका फटक्यात अपडेट होतात. मुलीला शिकवा, काळ्या स्क्रीनवर टाईप करायला पोरांना आवडतं.

अपडेटचं महत्त्व एका उदाहरणात सांगतो. रार-झिप फाइल उघडणारं विनरार सगळ्यांच्या मशीनमध्ये असतं, '४० दिवसांची ट्रायल' वर्षानुवर्षं चालू, त्याच्यावर जोक पण आहेत. पण ते स्वतःहून अपडेट होत नाही. २०२३ मध्ये त्यात असं भोक सापडलं की आतला साधा फोटो उघडायला गेलात तर भलताच प्रोग्रॅम चालू व्हायचा, कंपनीने ६.२३ व्हर्जनमध्ये ते बुजवलं, पण आमच्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये आजही ५ च्या पुढचं क्वचित दिसतं. आता विंडोज स्वतःच रार उघडतं तर ठेवायचं कशाला.

आणि सीक्लीनर, मशीनमधला कचरा साफ करायचं सॉफ्टवेअर. सगळ्यात जास्त विचारलं जाणारं. मी स्वतः ते शेकडो मशीनमध्ये टाकलंय, हे कबूल करतो. २०१७ मध्ये त्याच्या ५.३३ व्हर्जनमध्ये चोरांनी कंपनीच्या आतच शिरून कोड मिसळला, फाइल खऱ्या साइटवर, सही खरी, आणि सुमारे २२ लाख ७० हजार मशीनवर ती गेली. म्हणजे वर मी सांगितलेलं सगळं पाळलं असतं तरी फसला असतात. तेव्हापासून माझं धोरण बदललं. जे लागत नाही ते टाकायचंच नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये स्टोरेज म्हणून आहे, तिथे टेंपररी फाइल्स साफ होतात, बाकी रजिस्ट्री क्लीनर, रॅम बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर हे सगळे प्रकार म्हणजे निरोगी माणसाला सलाईन लावणं.

ऑफिससाठी लिबरऑफिस घ्या, डॉक्युमेंट फाउंडेशनचं, २०१० पासून आहे, मराठी मेनूसुद्धा मिळतात. एकच करा, फाइल सेव्ह करताना वर्डच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करा, नाहीतर शाळेतले सर म्हणतील उघडत नाही. क्रॅकवाल्या भावाला प्रेमाने नाही म्हणा. क्रॅक चालवताना पहिली अट काय असते तर 'अँटीव्हायरस बंद करा'. घराची कडी आतून काढून चोराला चहाला बोलावण्याचा हा प्रकार, आणि लायसन्सचा विषय वेगळाच. पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम मला सगळ्यात जास्त कुठे सापडले तर या क्रॅकमध्ये, गेल्या वर्षी एका फ्लेक्सवाल्याचं इन्स्टाग्राम अकाउंट असंच गेलं, दहा वर्षांची कामं टाकली होती बिचाऱ्याने.

मराठी टायपिंगचं खास आपल्या लोकांसाठी. गुगल इनपुट टूल्सचा विंडोजवर ऑफलाइन चालणारा इन्स्टॉलर गुगलने कधीच काढून टाकला, तरी आजही झेरॉक्सवाल्यांपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळे तो शोधतात आणि कुठल्या तरी साइटवरची, पेनड्राइव्हमधून पेनड्राइव्हमध्ये फिरत आलेली झिप टाकतात. त्यात कुणी काय घातलंय देव जाणे. गरजच नाही त्याची. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. सेटिंग, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, तिथे मराठी भाषा जोडा, मग तिच्या ऑप्शनमध्ये जाऊन कीबोर्ड जोडा, त्यातला फोनेटिक निवडा. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकदम दाबलं की इंग्रजी-मराठी बदलतं. फॉन्ट पाहिजे असेल तर मुक्ता घ्या, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांनी बनवलाय, गुगल फॉन्ट्सवर फुकट आहे आणि जोडाक्षरं सुरेख दिसतात. '५००० मराठी फॉन्ट फ्री' असल्या झिपच्या वाटेला जाऊ नका.

मोबाईलकडे येतो. क्लीनर अजिबात नको. २९ जून २०२० ला सरकारने ५९ अ‍ॅप बंद केली त्यात क्लीन मास्टर होतं, शेअरइट, कॅमस्कॅनर, यूसी ब्राउझर, ईएस फाइल एक्सप्लोरर पण होती, आणि लोक अजूनही त्यांच्या एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकायच्या फाइल) कुठून कुठून आणून टाकतात. शेअरइटच्या जागी फोनमध्येच क्विक शेअर आहे, स्कॅनर गुगल ड्राइव्हमध्ये आहे, आणि जागा साफ करायला फाइल्स बाय गुगल, जे २०१७ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीतच पहिल्यांदा दाखवलं होतं. पण तुमची मेमरी खरी कुठे गेलीय ते मी न बघता सांगतो, व्हॉट्सअ‍ॅप, सेटिंग, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज. तिथे नातेवाइकांच्या ग्रुपांचे गुड मॉर्निंग आणि पाच पाच मिनिटांचे व्हिडिओ रांगेने उभे असतील.

प्ले स्टोअरमधलं सगळंच धुतल्या तांदळाचं नसतं. एक साधं बारकोड स्कॅनर होतं, एक कोटीच्या वर इन्स्टॉल, वर्षानुवर्षं नीट चाललेलं, आणि २०२० च्या डिसेंबरमधल्या एका अपडेटनंतर लोकांच्या फोनमध्ये आपोआप जाहिराती उघडायला लागल्या. म्हणून अ‍ॅप काय परवानग्या मागतंय ते बघा. टॉर्चला कॉन्टॅक्ट कशाला पाहिजेत? आणि टॉर्च तर फोनमध्येच आहे. आयफोनवाल्यांचं दुखणं वेगळं, तिथे अ‍ॅप फ्री असतं आणि तीन दिवसांनी दर आठवड्याला पैसे कापायला लागतं, इन्स्टॉलआधी 'इन-अ‍ॅप पर्चेसेस'ची यादी उघडून बघायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हॉट्सअ‍ॅपवर 'लग्नपत्रिका', 'आरटीओ चलन', 'पीएम किसान' अशा नावांनी फाइल येतात आणि नावाच्या शेवटी एपीके असतं. मागच्या लगीनसराईत एक रिटायर्ड गृहस्थ दुकानात आले, भाच्याच्या नंबरवरून पत्रिका आली, उघडत नव्हती म्हणून फोनने जे जे विचारलं त्याला हो म्हणाले. त्यात एक प्रश्न 'एसएमएस वाचू का' हा होता. ओटीपी तिकडे वाचले गेले, खात्यातून दोन हप्त्यांत पैसे गेले, आणि यांच्या नंबरवरून तीच पत्रिका पुढे ऐंशी जणांना. भाच्याचं लग्न दोन वर्षांपूर्वीच झालेलं होतं, हे त्यांना माझ्यासमोर बसल्यावर आठवलं. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ असते, ती इन्स्टॉल होत नसते.

याला एक बंदोबस्त आहे तो आज रात्रीच करा. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅप्स, स्पेशल अ‍ॅप अ‍ॅक्सेस, त्यात 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स'. तिथे व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर अशी नावं दिसतील, सगळ्यांपुढे बंद असायला पाहिजे. कंपनीनुसार मेनू इकडे-तिकडे असतो, सेटिंगच्या सर्चमध्ये 'अननोन' टाकलं की सापडतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये आधी करा. आणि चुकून काही झालंच तर तो फोन फ्लाइट मोडवर टाकून दुसऱ्या फोनवरून १९३० ला लावा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पैसे मध्येच अडवता येण्याची शक्यता असते.

प्रिंटरचं राहिलं. त्याला विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर. 'प्रिंटर ड्रायव्हर डाउनलोड' असं गुगलवर टाकू नका, तिथे हेल्पलाइन नंबर टाकून बसलेल्या टोळ्या आहेत, फोन केला की स्क्रीन शेअर करायला लावतात. आधी केबल लावून विंडोज अपडेट चालवून बघा, पुष्कळदा ड्रायव्हर आपोआप येतो. नाही आला तर प्रिंटरच्या पाठीवर स्टिकर असतो, त्याचा फोटो मला इथे टाका, नुसतं 'एचपीचा आहे' म्हणून भागणार नाही, मॉडेलच्या शेवटचं एक अक्षर बदललं तरी ड्रायव्हर बदलतो.